पंधरा महिने, २१२ तास: घरामागे बसवलेल्या १५ केव्हीए जनरेटरचा अनुभव

रत्नागिरीपासून तासाभराच्या अंतरावर आमचं घर आहे आणि घराला लागूनच आंब्याचा पल्प, कोकम आगळ नि फणसपोळीचा छोटा कारखाना. मार्च २०२४ मध्ये आम्ही १५ केव्हीएचा (केव्हीए हे जनरेटरच्या ताकदीचं माप), तीन फेजचा, कॅनोपीवाला, म्हणजे आवाज दाबणाऱ्या पेटीत बसवलेला, डिझेल जनरेटर घेतला. पंधरा महिन्यांनंतर त्याच्या पॅनेलवर २१२ तास दिसतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या ताकदीची चांगली यंत्रं बऱ्याच कंपन्या बनवतात. आम्हाला जे शिकायला मिळालं ते यंत्राबद्दल कमी आणि ते बसवण्याबद्दल जास्त आहे.

त्याआधी आमच्याकडे अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर होता. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमच्या वाडीत सहा दिवस लाईट नव्हती. आम्ही तो जनरेटर पडवीत ठेवला, पाऊस आत येऊ नये म्हणून दोन बाजूंना ताडपत्री बांधली, आणि दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर पडवीतल्या सॉकेटमध्ये खोचली. आमच्याकडे बरेच जण असंच करतात. मेन पाडायचा असतो एवढं आम्हाला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घाईत तो पाडायचा राहून गेला.

लाईनची तार दोन खांब अलीकडे तुटलेली होती, म्हणजे आमचा नि शेजारचा खांब बाकीच्या लाईनपासून वेगळा पडला होता. आमच्या जनरेटरच्या विजेने शेजारच्या काकांच्या ओटीवरचा दिवा लागला. वायरमन त्याच खांबाला शिडी लावत होता. त्याने दिवा पाहिला म्हणून तो थांबला. आमच्या अंगणात येऊन एवढंच म्हणाला, "वैनी, मेन पाडलेला नाही काय?" तो ओरडला नाही. मला आजही ते वाक्य आठवलं की पोटात खड्डा पडतो.

नंतर आमच्या इलेक्ट्रिशियनने मला समजावलं ते सगळ्यांनी समजून घ्यावं असं आहे. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करतो. उलट्या बाजूने वीज घातली तर तोच ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज पुन्हा ११,०००च्या घरात चढवतो. लाईन बंद आहे असं समजून पुढे कुणीतरी तारेला हात लावतो. आणि ज्या वायरची दोन्ही टोकं प्लगची आहेत, तिचं एक टोक निसटलं तर उघड्या पितळी पिनांमध्येच करंट असतो. ती वायर मी स्वतः कापून टाकली.

त्याच दिवसांत सासूबाईंचं डोकं सतत दुखत होतं, मळमळत होतं. आम्ही म्हटलं, जागरण आणि काळजी. पडवीत कोंडलेल्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतो, आणि त्याला ना वास ना रंग, हे मला फार उशिरा कळलं. सासूबाई बऱ्या झाल्या. ताडपत्री बांधून, दुकानाचं शटर अर्धं ओढून, जिन्याखाली, अशा कुठल्याही आडोशाला जनरेटर चालवू नका. खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब.

आता नव्या जनरेटरकडे येते. सासूबाईंना गेल्या दोन वर्षांपासून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) लागतो, आणि सीझनमध्ये फ्रीझर रूममध्ये वर्षाची कमाई असते. म्हणून लाईट गेल्यावर आपोआप सुरू होणारा हवा होता.

विक्रेत्याने मोटरींचे एचपी बेरजेला धरले आणि १० केव्हीए पुरेल म्हणाला. इलेक्ट्रिशियनने क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर, लावला. फ्रीझर रूमचा तीन एचपीचा कॉम्प्रेसर चालताना पाच अँपिअरच्या आत घेतो, पण सुरू होताना क्षणभर काटा तिशीच्या जवळ गेला. १० केव्हीएचा जनरेटर एका फेजला जेमतेम १४ अँपिअर देतो, १५चा २१ च्या आसपास. सुरुवातीचा झटका अल्टरनेटर (जनरेटरमधला वीज तयार करणारा भाग) थोडा वेळ सहन करतो, पण त्याच वेळी पल्पर आणि विहिरीचा पंप सुरू झाला तर व्होल्टेज बसतं आणि दिवे डोळे मिचकावतात. आम्ही १५ घेतला आणि मोटरींना टायमर लावून घेतले, म्हणजे एकीमागून एक सुरू होतात. १५ केव्हीए म्हणजे १२ किलोवॅट, हेही लक्षात असू द्या. केव्हीएला ज्याने गुणून किलोवॅट काढतात तो पॉवर फॅक्टर ०.८ धरतात.

जागा ठरवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तरी चूक झालीच. पावसात वारा नैर्ऋत्येकडून येतो म्हणून परसवात ईशान्येच्या कोपऱ्यात चिऱ्याचा दोन फूट उंच पाया बांधला, वर काँक्रीट. धूर घरापासून लांब जाणार हे बरोबर होतं. पण डिसेंबरात रात्री जमिनीकडून येणारे मतलई वारे सुटले तसा तोच धूर थेट सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीवर आला. वर्षभराचा वारा आम्हाला लहानपणापासून माहीत होता, तरी जनरेटरच्या वेळी कुणालाच सुचलं नाही. मग धुराड्याचा पाइप छपराच्या वर नेला. नियम असा आहे: इमारतीच्या उंचीवर आणखी ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ, एवढे मीटर. १५ केव्हीएला ते पाऊण मीटरच्या आसपास येतं. आम्ही एक मीटर घेतलं. पाइप आणि इंजिन यांच्यामध्ये लवचीक बेलो (घड्यांचा जोड) हवाच, नाहीतर थरथरीने वेल्ड तडकतात. आणि खिडकीच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला आहे, बॅटरीवर चालणारा. आजवर तो वाजलेला नाही.

छप्पर आहे पण भिंती नाहीत. कॅनोपीची गरम हवा जिथून बाहेर पडते तिथे पाच फुटांत काही नको असतं. आमच्या घरातल्यांनी एकदा लाकडं रचून ठेवली होती, इंजिन तापून स्वतःच बंद झालं. बरं झालं बंद झालं.

अर्थिंगबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण आमच्याकडे जमीन जांभ्याची. जनरेटरला चार अर्थिंग लागतात, दोन बॉडीला, दोन न्यूट्रलला. पहिल्यांदा नेहमीसारखे खड्डे घेऊन पाइप पुरले आणि मोजलं तर एका खड्ड्याला अकरा ओहम आले (हा जमिनीचा अडथळा, जितका कमी तितका चांगला), तेही मार्चमध्ये. मे महिन्यात जांभा हाडासारखा कोरडा पडतो, तेव्हा आकडा आणखी चढणार. जागा बदलून, विहिरीच्या बाजूला, खोल खणून, खड्ड्यात माती आणून भरून पुन्हा केलं. जोड्या जोडून शेवटी तीनच्या आत आला. पंधरा हजार जास्त गेले. दरवर्षी एप्रिल-मेमध्येच मोजायचं ठरवलं आहे, पावसात मोजलेला आकडा आपली समजूत काढतो. खाऱ्या हवेने लोखंडी पट्ट्या लवकर खाल्ल्या जातात, म्हणून जोडणीला तांब्याची पट्टी वापरली.

यातच एक गोष्ट निघाली जी विक्रेत्याच्या माणसाला ठाऊक नव्हती किंवा त्याने सांगितली नाही. अल्टरनेटरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेलाच नव्हता. अशा वेळी घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, जनरेटरवर शोभेचा असतो. कुठे गळती झाली तरी तो करंट जमिनीतून अल्टरनेटरकडे परत फिरायला वाट नसते, मग तो ट्रिप कशाने होणार? गंमत म्हणून नाही, काळजीने सांगते: आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलं तर तो तरीही पडतो, कारण ते बटण अर्थिंगमधून जातच नाही. त्यामुळे बटण दाबून खात्री झाली असं समजू नका. इलेक्ट्रिशियनने जनरेटर चालू ठेवून मीटरने तपासलं, न्यूट्रलची जोडणी केली, आणि मग खरी गळती करून आरसीसीबी पडतो हे दाखवलं. हे काम त्याचंच आहे, आपण करून बघायचं नाही.

चेंजओव्हर, म्हणजे घराची वीज लाईनवरून जनरेटरवर बदलणारा स्विच, चार पोलचा घेतला, म्हणजे तीन फेजसोबत न्यूट्रलही बदलतो. पॅनेलमध्ये दोन कॉन्टॅक्टर (विजेने चालणारे मोठे स्विच) आहेत, एक लाईनचा, एक जनरेटरचा, आणि दोघे एकदम चालू होऊ नयेत म्हणून विजेचं तसंच यांत्रिक इंटरलॉक. सगळी वीज बंद करून इलेक्ट्रिशियनने दोन्ही एकदम दाबून दाखवले. एक आत गेला की दुसरा जातच नाही. मला तो खट्ट आवाज ऐकून जेवढं बरं वाटलं तेवढं यंत्र पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाही वाटलं नव्हतं. परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट घेतला, वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयात लेखी कळवलं, आणि मीटरच्या पेटीवर लाल रंगात लिहून घेतलं: येथे जनरेटर आहे.

वापरात काय झालं ते सांगते. लाईट गेल्यावर पंधरा सेकंदांत जनरेटर लोड घेतो. कॉन्सन्ट्रेटरसाठी ही पंधरा सेकंदंही नकोत म्हणून त्याला वेगळा इन्व्हर्टर आहे, आणि खोलीत भरलेला सिलिंडर कायम असतो. यंत्रावर जीव टांगून ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, लाईट गेली आणि जनरेटर नुसता टक टक करत राहिला. सुरू करणारी बारा व्होल्टची बॅटरी उतरली होती. पॅनेलमधला चार्जर केव्हा बंद पडला होता देव जाणे. आम्ही दर रविवारी दहा मिनिटं चालवून बघायचो, पण लोडशिवाय, आणि चार्जरच्या दिव्याकडे कुणी बघत नव्हतं. आता दर रविवारी बॅटरीचं व्होल्टेज वहीत लिहितो आणि महिन्यातून एकदा मेन पाडून खऱ्या लोडवर अर्धा तास चालवतो.

दुसरी तक्रार सायलेन्सरमधून ठिपकणाऱ्या काळ्या चिकट तेलाची. मला वाटलं इंजिन गेलं. मेकॅनिक म्हणाला, रात्रभर फ्रिज आणि दोन पंखे एवढ्यावर चालवता, त्याचं हे आहे. तीस टक्क्यांच्या खाली डिझेल इंजिन फार वेळ चाललं तर नीट तापत नाही आणि न जळलेलं इंधन धुराड्यात साचतं. तेव्हापासून रात्री दोन-दोन तास जनरेटर लावतो, त्यात फ्रीझर रूम थंड करून घेतो, इन्व्हर्टर भरून घेतो आणि टाकीत पाणी चढवतो. मधल्या वेळात घर इन्व्हर्टरवर. गळती थांबली, आणि आवाजाचा त्रासही शेजाऱ्यांना कमी. कॅनोपीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा असते, ती रात्रीच्या शांततेत काही कमी वाटत नाही.

२०२४ मध्ये आलेला खर्च: यंत्र ३,६०,००० रुपये, बसवण्याचं सगळं मिळून १,१५,०००. अर्ध्या लोडवर तासाला सव्वादोन लिटरच्या आसपास डिझेल जातं. एका युनिटला तीस रुपयांच्या वरच धरा. लाईनची वीज स्वस्तच आहे. इंजिन थंड झाल्याशिवाय टाकी भरायची नाही, हा नियम घरातल्या मुलांनाही पाठ आहे. पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी उतरतं, फिल्टरखालचा नळ आठवड्याला सोडतो.

डिसेंबरात लाईनची दुरुस्ती झाल्यावर कॉम्प्रेसर लाईनवर चालेना, जनरेटरवर मात्र चाले. दोन फेज अदलाबदल होऊन आले होते आणि फेजचा क्रम बघणाऱ्या रिलेने (आपोआप चालणाऱ्या स्विचने) त्याला रोखलं होतं. हा रिले नसता तर मोटर उलटी फिरली असती. हजार-दीड हजाराची वस्तू आहे, नक्की बसवा.

छपरावर सोलर असलेल्यांनी मला विचारलं म्हणून एवढंच: लाईनला जोडलेलं सोलर आणि जनरेटर एकाच वेळी एका बसबारवर (पॅनेलमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीवर) येऊ देऊ नका. सोलर जनरेटरला लाईन समजून त्यात वीज घुसवू शकतं. आधी तज्ज्ञाला आराखडा दाखवा.

२०२५ च्या मे महिन्याच्या २४ तारखेला अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्याला लागला, आणि दुसऱ्याच दिवशी मान्सून कोकणात उतरला. पल्पचा सीझन अर्ध्यावर होता. एकतीस तास लाईट नव्हती. जनरेटर दोन-दोन तासांच्या पाळीने चालला, फ्रीझर रूम उणे पंधराच्या वर गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच वायरमन आला. पेटीवरची लाल अक्षरं वाचून त्याने हाक मारली, "वैनी, चालू हाय ना?" मी म्हटलं, चालू आहे, पण लाईनपासून तुटलेला आहे, येऊन बघा. तो आत आला, पॅनेल पाहिलं, कॉन्टॅक्टरचा दिवा पाहिला. मग बाहेर जाऊन त्याने तारांना अर्थिंगची साखळी घातली आणि मगच शिडी लावली. आमच्याकडे पल्पर चालूच होता.