रेमिंग्टन ११०० चे सुटे भाग : कशावर खर्च करावा, कशावर नाही

आधी निकाल सांगते, मग पुराण. जुनी रेमिंग्टन ११०० ही छर्ऱ्यांची सेमी-ऑटो बंदूक घेतली असेल तर पहिले पैसे रबरी रिंगवर घालवा, दुसरे दस्ता अंगाबरोबर करून घेण्यावर. तिसरे पैसे खिशातच ठेवले तरी चालतील.

माझी बंदूक १२ बोअरची, २८ इंची नळीची, अक्रोडी दस्त्याची. ह्यूस्टनच्या पश्चिमेला एका दुकानात वापरलेली मिळाली. हे मॉडेल १९६३ पासूनचं. काही जुन्या नळ्यांना चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेली आवळणी, कायमचा असतो, माझ्या नळीला 'रेम चोक'चे आटे आहेत, म्हणजे चोक बदलता येतो. सिरियल नंबरच्या शेवटी 'व्ही' आहे. याचा अर्थ पावणेतीन इंची काडतुसं, तीन इंची मॅग्नम नाहीत. वापरलेली ११०० घेणाऱ्याने नळीवरचा शिक्का आणि हे शेवटचं अक्षर, दोन्ही स्वतः वाचावं. दुकानदार सांगतो त्यावर जाऊ नये.

मी त्यावर फक्त स्कीट, म्हणजे उडत्या तबकड्या टिपायचा खेळ, खेळते, जॉर्ज बुश पार्कमधल्या रेंजवर. शिकार करत नाही. उंची पाच फूट एक इंच, हात आखूड, खांदे अरुंद. पोटापाण्याला पॅसाडेनातल्या एका केमिकल प्लांटमध्ये पंप आणि व्हॉल्व्हची सीलं बघते. या दोन गोष्टी सांगते आहे कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

तर ती रिंग. ११०० गॅसवर चालते. काडतूस उडालं की नळीला खाली असलेल्या बारीक भोकांतून थोडा गॅस मॅगझीन ट्यूबभोवतीच्या (पुढची काडतुसं ठेवायच्या नळीभोवतीच्या) कड्यात उतरतो, तिथला पिस्टन मागे ढकलतो, पिस्टन बोल्टला, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या ठोकळ्याला, मागे नेतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि परत येताना बोल्ट नवं आत घेतो. हा गॅस पुढच्या बाजूने निसटू नये म्हणून ट्यूबवरच्या खाचेत एक ओ-रिंग बसते. झालं, एवढंच. ती चिरली, कडक झाली, की गॅस पुढे पळतो, बोल्ट अर्ध्या वाटेवरून परत येतो आणि रिकामं काडतूस बाहेर पडायच्या खिडकीत आडवं अडकतं. रेंजवर लोक लगेच म्हणतात, 'जुन्या सेमी-ऑटो असल्याच.' असल्या नसतात हो. रिंग गेलेली असते.

माझ्या बंदुकीतली रिंग मी काढली तेव्हा ती नखाने दाबल्यावर चिरा दाखवत होती. कामावर असं सील दिसलं तर मी पंप बंद करायला लावते. साधं नायट्राइल रबर शंभर-सव्वाशे अंश सेल्सिअसपर्यंत बरं चालतं, त्यापुढे ते कडक व्हायला लागतं. व्हिटॉन जातीचं रबर दोनशेपर्यंत आरामात तग धरतं, शिवाय बंदूक साफ करायच्या तेला-सॉल्व्हंटने फुगत नाही. व्हिटॉन १९५७ पासून बाजारात आहे, रिफायनऱ्यांत ढिगाने लागतं. बंदुकीच्या पाकिटात घातलं की त्यालाच 'प्रीमियम' म्हणतात, पण त्याबद्दल रागवावं असं काही नाही, कारण प्रीमियम असूनही किंमत थोडे डॉलरच आहे. दोन घ्या, एक बॅगेत ठेवा. बसवताना तेलाचं बोट फिरवा आणि खेचून ताणू नका.

नवी रिंग बसवल्यावर फरक कुठे पडला? हलक्या काडतुसांत. पूर्वी ही बंदूक सव्वा औंसाच्या खाली कुरकुर करायची. आता एक औंसाची, म्हणजे २८ ग्रॅम छर्ऱ्यांची काडतुसं बिनतक्रार चालतात, थंडीतही. आणि हलकं काडतूस म्हणजे खांद्याला कमी धक्का. लोक धक्का कमी करायला पाऱ्याच्या नळ्या दस्त्यात बसवतात, नळीला भोकं पाडून घेतात. शेजारी उभ्या असलेल्याला ती भोकं पाडलेली नळी कानाला काय वाटते ते एकदा विचारा. ज्याची बंदूक हलकं काडतूस पचवते त्याला यातलं काही लागत नाही.

बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग दस्त्याच्या आत एका नळीत असते, आणि ती बघायचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही, कारण त्यासाठी दस्ता उतरवावा लागतो. ह्यूस्टनची हवा म्हणजे कुडाळचा जून. माझ्या बंदुकीतली स्प्रिंग तपकिरी झाली होती, नळीत गंजाची पूड. नळी घासून घेतली आणि वुल्फ कंपनीची नवी स्प्रिंग टाकली. पंधरा डॉलरच्या आतबाहेरचं काम, पण बोल्ट बंद होतानाचा आवाज बदलला; आधी 'घसरत' बंद व्हायचा, आता खट्कन बसतो.

आता दस्ता. माझ्या मते ही खरी सुधारणा, बाकी सगळी सजावट. कारखान्यातून येणाऱ्या ११०० ला चाप ते दस्त्याचं टोक हे अंतर साधारण १४ इंच असतं. सहा फुटी माणसाला ठीक. मला मात्र मान पुढे काढून, डावा हात पूर्ण ताणून धरावी लागायची, आणि वजन तीन-साडेतीन किलोच्या पुढे. दोन फेऱ्यांनंतर दंड थरथरायचा.

ज्या गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, गेले तो सत्तरीतला, कमी बोलणारा. त्याने आधी बंदूक रिकामी आहे ना ते बघितलं, मग मला बघायला लावलं. मग म्हणाला, डोळे मीट, बंदूक खांद्याला लाव, आता डोळे उघड. डोळे उघडले तेव्हा नळीच्या टोकावरचा नेम धरायचा मणी दिसतच नव्हता, डोळ्यासमोर बोल्टची पाठ. फूटपट्टी त्यानंतर बाहेर आली. दस्ता कापून, दस्त्याच्या टोकाचा नवा रबरी पॅड धरून अंतर पावणेतेरा इंचावर आणलं. आतली स्प्रिंगची नळी असल्यामुळे ११०० चा दस्ता हवा तेवढा आखूड करता येत नाही, हे घरी करवत घेऊन बसणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आणि एक गोष्ट, जी पुरुषांच्या रिव्ह्यूत मला कुठेच वाचायला मिळाली नाही. दस्त्याचा खालचा कोपरा बायकांच्या छातीत रुततो. निळा डाग खांद्यावर नाही, त्याच्या आत आणि खाली पडतो. इलाज साधा आहे: दस्त्याच्या मागच्या कापाचा कोन थोडा बदलायचा आणि तो कोपरा गोल करायचा. गनस्मिथला हे मी सांगायच्या आधी माहीत होतं, म्हणून त्याला पूर्ण गुण.

पॅड लिंबसेव्हरचा घेतला, घासून आकार देता येतो तसला. मऊ आहे, धक्का खातो, तक्रार एकच: उन्हात चिकट होतो आणि सुती कुर्त्यावर अडकतो. वरच्या कोपऱ्यावर पातळ टेप लावली की सरकतो. गालाखाली चिकटवायचा फोमचा तुकडाही लावलाय. दिसायला वाईट, अक्रोडावर तर फारच वाईट. पण आता डोळे मिटून उघडले की मणी बरोबर समोर असतो. ठेवणार.

चोकबद्दल मात्र मला थोडं भांडायचं आहे. १२ बोअरची नळी आतून सुमारे साडेअठरा मिलीमीटर. स्कीट चोक ती फक्त ०.१३ मिलीमीटर आवळतो, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर ०.२५, मॉडिफाइड अर्धा, फुल एक मिलीमीटरच्या जवळपास. म्हणजे केसाएवढ्या फरकाचा धंदा. मी कामावरून शिकलेल्या सवयीने हाताशी आलेले चोक बोअर गेजने, म्हणजे आतला व्यास मोजायच्या मापकाने, मोजले. एका स्वस्त चोकवर 'स्कीट' कोरलं होतं, माप निघालं इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचं. त्याचं नाव घेत नाही, कदाचित एकच नग तसा असेल. ब्राइली ही इथलीच, ह्यूस्टनची कंपनी. त्यांचा बाहेर डोकावणारा स्कीट चोक मापाला बरोबर निघाला आणि बोटांनी फिरवता येतो, पाना शोधावा लागत नाही. महाग आहे, कार्लसन्स कंपनीचा त्याच्या निम्म्या किमतीत येतो आणि माझ्या कागदावर दोघांत फरक दिसला नाही.

कागद म्हणजे काय, तर मोठा ब्राऊन पेपर टांगायचा, २१ यार्डांवरून, म्हणजे स्कीटची तबकडी जिथे मैदानातला मधला खुंट ओलांडते तेवढ्या अंतरावरून, एक बार टाकायचा आणि ३० इंची वर्तुळ काढून छर्ऱ्यांची भोकं बघायची. तबकडी १०८ मिलीमीटरची. वर्तुळात तेवढी मोकळी जागा कुठे राहते का, एवढंच बघायचं. नव्या चोकने गुण वाढतील असं कोणी सांगितलं तर आधी हा कागद त्याच्या हातात द्यावा.

बाकीचं भराभर सांगते. मोठा बोल्ट हँडल: छान, थंडीत हातमोजे असले तर फारच छान, अॅल्युमिनियमचा घेतला, ठेवला. केशरी रंगाचा फॉलोअर (मॅगझीनमधली काडतुसं ढकलणारी टोपी): मॅगझीन रिकामं आहे हे चटकन दिसतं, पण मी तसंही बोट घालून बघते. बोल्ट सोडायचं मोठं बटण: बोटं लहान असलेल्यांनी घ्यावं. मॅगझीन वाढवायची नळी: स्कीटच्या नियमाने एका वेळी दोनच काडतुसं भरायची, बदकांच्या शिकारीला अमेरिकेत तीनच्या वर चालत नाहीत, मग मला ती नळी विकायला निघालेल्या दुकानदाराचा हिशेब मला कळला नाही. वजन पुढे वाढतं ते वेगळंच.

चापाचं काम करून द्यायला गनस्मिथने चक्क नकार दिला. मी विचारलं होतं, थोडा हलका होईल का. म्हणाला, तुझा चाप जड नाही, तू घाबरून तो खेचतेस, आणि हलका केला तर नको तेव्हा सुटेल. दुसरीकडे जाऊन करून घेता आला असता. नाही केला.

इथे राहणाऱ्या मराठी लोकांकडून मंडळात हमखास येणारा प्रश्न: आम्हाला घेता येते का? ग्रीन कार्डवर येते. एच-वन-बीसारख्या व्हिसावर सरसकट येत नाही, शिकारीचा वैध परवाना वगैरे काही ठराविक अपवाद आहेत, ते दुकानदाराकडून नव्हे, वकिलाकडून समजून घ्या. दुसरा प्रश्न पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ब्राँझ घेतल्यापासून वाढला: 'तू पण तेच खेळतेस ना?' नाही, त्याची रायफल, ५० मीटर, तीन पोझिशन. माझी तबकडी उडते आणि मी निम्म्या चुकवते.

आणि भारतात काही नेऊ नका. शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच धरले आहेत, सुटकेसमधला एक चोकसुद्धा विमानतळावर महागात पडेल. गावी काकांकडे शेतीसंरक्षणाची बारा बोअर आहे, माकडांपायी घेतलेली, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होणारी. फोनवर म्हणाले, "माका खांद्याक लागता गो, ता रबराचा काय ता घेवन ये." मी सांगितलं, सावंतवाडीत चामड्याचं कव्हर शिवून घ्या, आत जाड रबर घाला, दोऱ्या बांधा. त्यांनी तसंच केलं आणि माझ्या लिंबसेव्हरसारखं ते चिकटत नाही म्हणे.

खर्चाचा अंदाज हवाच असेल तर: रिंग आणि स्प्रिंग मिळून जेवणाच्या एका बिलाएवढी, पॅड चाळीसेक डॉलर, दस्त्याची मजुरी शंभराच्या पुढे, आणि ती मजुरी मी पुन्हा आनंदाने देईन. चोकमध्ये ब्राइलीऐवजी आज कार्लसन्स घेईन. हँडल असलं तर असलं. फोमच्या तुकड्याच्या जागी खालीवर होणारा लाकडी गालटेका बसवायचा विचार आहे. गनस्मिथ म्हणतो, आधी दिवाळीपर्यंत तुझं स्वतःचं वजन स्थिर ठेव, गाल बदलला तर माप बदलेल. दिवाळी हा शब्द त्याला मीच शिकवला, फराळाच्या डब्यासकट, आणि आता तो तो माझ्यावरच उलटवतोय.