पॉलिशला टाकलेल्या खुर्च्या

आधी हिशेब सांगते, म्हणजे माझी कीव किती करायची ते तुम्हाला ठरवता येईल. चार खुर्च्या, प्रत्येकी 6,500. संगमरवरी टेबल 22,000. वेत विणणं आणि पॉलिश मिळून 4,000. एकूण 52,000 रुपये. जे घरात आलं त्याची किंमत आमच्या सुतार मेस्त्रींनी 12,000 केली, तीही "माझी मजुरी धरून बरं का ताई" असं म्हणत.

ठाण्यात जुना फ्लॅट घेतला, रंगरंगोटी केली आणि जेवणाच्या टेबलापाशी गाडी अडली. मला इराण्याकडचं टेबल हवं होतं. वाकवलेल्या लाकडाच्या काळपट खुर्च्या, बसायला वेताची जाळी आणि मधे पांढरा दगड. बाबा फोर्टात नोकरीला होते. पगार झाला की पहिल्या शनिवारी मला धोबीतलावच्या एका इराण्याकडे न्यायचे. त्यांना ब्रून मस्का, मला मावा केक. ते हॉटेल कधीच बंद पडलं.

एका शनिवारी ग्रँट रोडला उतरून चोरबाजारात गेले. मटन स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची बरीचशी दुकानं शुक्रवारी बंद असतात, एवढी माहिती काढून गेले होते. चकचकीत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन दिसले की ते बहुतेक नव्या-जुन्या तुकड्यांची गोधडी असते, हेही मला ठाऊक होतं. एका दुकानात तसा ग्रामोफोन पाहून मी हसले आणि पुढे गेले. आपल्याला कळतं, हा समज तिथेच पक्का झाला असावा.

ज्या दुकानात फसले तिथला माणूस अजिबात मागे लागला नाही. चहा मागवला. कुठून आलात, घर केवढं आहे, असं विचारलं. मी बाबांची, शनिवारची, धोबीतलावची सगळी गोष्ट सांगितली. मग त्याने पोटमाळ्यावरून एक खुर्ची खाली काढायला लावली आणि म्हणाला, "मॅडम, ये उधर का ही माल है, धोबीतलाव का. इरानी बंद हुआ तब उठाया था." दहा मिनिटांपूर्वी मीच दिलेलं नाणं त्याने मला परत दिलं, आणि मी ते खणखणीत म्हणून घेतलं.

त्याने मला माल तपासायला लावला, आणि तोही कसून. खुर्ची स्वतः उलटी केली. बैठकीच्या कड्याच्या आत पुसट शिक्का होता, त्यातली 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' ही अक्षरं लागत होती. पाठीची कमान आणि मागचे दोन्ही पाय एकाच दांड्यातून वाकवलेले असतात, बोट फिरवून बघा, म्हणाला. मी फिरवलं. कुठे जोड नव्हता. टेबलाच्या दगडावर तळवा ठेवा, म्हणाला. मे महिन्यात तो दगड माठासारखा गार. एक कोपरा उचलून बघा, म्हणाला. उचलला गेला नाही. मग शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंचा सरकारी कायदा, खाजगी माणसाला त्या परदेशात नेता येत नाहीत वगैरे सांगून झालं. कायदा खरा आहे, 1972 चा. पण त्याने समोरची खुर्ची जुनी ठरत नाही, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही. आणि खरं सांगायचं तर ती खुर्ची अस्सलच होती. आपल्याला खोटा माल दाखवून गंडवतील या भीतीने मी खरा माल तपासत बसले होते.

"ऐसे मत ले जाओ," तो म्हणाला. वेत सुटलाय, दगडाची कड उडालीय. आठ दिवसांत वेत विणून, पॉलिश करून, दगडाला पितळी पट्टी मारून घरपोच देतो. बाकीच्या तीन खुर्च्या गोदामात आहेत, अगदी अशाच. मी एका खुर्चीचे आणि टेबलाचे फोटो काढले. खुर्चीच्या कड्यावर सिगारेटने भाजल्याचा डाग होता, तोही कौतुकाने टिपला. 40,000 रुपये तिथेच यूपीआयने भरले. स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं. "भाई का खाता है." हातात आली ती वहीच्या पानाची चिठ्ठी: 4 खुर्ची, 1 टेबल, बाकी 12,000. लाकूड कोणतं, दगड कोणता, किती सालचं, काही नाही. जीएसटी नंबर तर नाहीच.

बाराव्या दिवशी रात्री साडेनऊला, पावसात, टेम्पो आला. ड्रायव्हरला भिवंडीला परतायचं होतं, त्यामुळे बाकीचे पैसे द्या मगच माल उतरवतो, हे त्याने गेटवरच सांगितलं. दिले. टेबलाचा वरचा भाग आमच्या वॉचमनने एकट्याने, काखेत धरून, तिसऱ्या मजल्यावर आणला. नवरा म्हणाला, "हलका आहे गं." त्यावर मी जे बोलले ते आमच्या घरात आता म्हणीसारखं वापरतात. मी म्हणाले, "जुना दगड वाळून हलका होतो."

दोन फुटी चौकोनी, पाऊण इंच जाडीचा खरा संगमरवर वीस किलोच्या आसपास भरतो. आमचा 'दगड' म्हणजे प्लायवुड आणि त्यावर चिकटवलेली प्लास्टिकची मार्बल छापाची शीट. कड दिसू नये म्हणून चहूबाजूंनी पितळी पट्टी. तीच, दगडाची उडालेली कड झाकायला सुचवलेली.

हे कळायला अडीच महिने गेले. पडद्याचे रॉड बसवायला मेस्त्री आले होते. चहा प्यायला खुर्चीवर बसले, उठले आणि ती उलटी करून बघायला लागले. बैठकीच्या पातळीवर, मागच्या पायापाशी, पॉलिशला केसाएवढी चीर गेली होती. त्यांनी पटाशीचं टोक लावलं तशी लांबीची, म्हणजे भेगा बुजवायच्या पुट्टीची, खपली निघाली. कमान वेगळी, पाय वेगळे, मधे डिंक आणि खिळा. "ताई, सलग दांडा नाही हा. उद्या एखादा जाड पाहुणा बसला की पाठ हातात येईल." टेबलाकडे त्यांनी नुसतं पाहिलं आणि नखाने टकटक केलं. मी तरीही हट्टाने त्यावर लिंबू पिळलं. संगमरवरावर लिंबाचा रस राहिला की चमक जाऊन पांढुरका डाग पडतो. आमच्या टेबलावरचा रस तासाभराने पुसला, आणि टेबल पहिल्यासारखंच चकाकत होतं.

त्या रात्री चारही खुर्च्या उलट्या करून बसले. चौघींवर एकाच जागी, एकाच कोनात, ठसठशीत, जाळून उठवलेला काळा शिक्का: थोनेट, व्हिएन्ना, 1890, मेड इन चेकोस्लोव्हाकिया. आता 1890 साली चेकोस्लोव्हाकिया नावाचा देशच नव्हता, तो 1918 च्या ऑक्टोबरात झाला. शिक्का करणाऱ्याला जे जे जुनं वाटलं ते सगळं त्याने एका ओळीत घातलं होतं. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचा धंदा मिखाएल थोनेटने मोठा केला, आणि त्याची 1859 ची चौदा नंबरची खुर्ची म्हणजे या सगळ्या कुळाची आजी. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केल्या की 36 खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावायच्या, म्हणून तर असला माल बोटीने जगभर गेला. आमच्या खुर्च्यांत सगळे चौफुलीचे फिलिप्स स्क्रू निघाले, ज्यांची पेटंटं 1936 ची. अर्थात दुरुस्तीत कोणी स्क्रू बदलू शकतो, नुसत्या त्यावरून काही ठरत नाही. सलग दांडा मात्र दुरुस्तीत तुकड्यांचा होत नाही, निदान चारही खुर्च्यांत एकाच जागी तरी नाही.

दुकानात गेले तर माणूस शांत. "पॉलिश के बाद नया ही दिखता है, मॅडम. आपने देख के लिया था." त्यावर उत्तर नव्हतं, कारण देखूनच घेतलं होतं. पोलीस चौकीत मला सांगण्यात आलं की हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक मंचाकडे जा.

खरी उकल त्याच बाजारातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने केली. त्याच्याकडे मी फक्त दगड ओळखायचा कसा ते विचारायला थांबले होते. माझे फोटो पाहून तो म्हणाला, ही खुर्ची विकायची नसते, दाखवायची असते. गिऱ्हाईक तिच्यावर भाळतं, मग ती 'पॉलिशला' जाते आणि घरी दुसरी येते. पॉलिशनंतर रंग, डाग, खरवडे सगळंच बदलतं, त्यामुळे बदललेल्या मालाचा संशय येत नाही. त्याच्याकडे येणारी जाणती गिऱ्हाइकं म्हणे माल मळकाच उचलतात. स्वतःचा टेम्पो आणतात, त्याच दिवशी नेतात, पॉलिश आणि वेत आपल्या माणसाकडून करून घेतात. अगदीच ठेवून जावं लागलं तर प्रत्येक नगाच्या पोटाला, लपलेल्या जागी, पेनने सही करतात आणि सहीसकट फोटो काढतात. गोदामातल्या न पाहिलेल्या 'अगदी अशाच' नगांचे पैसे कोणीही देत नाही. "आणि बिलात लिहून घ्या," तो म्हणाला, "सलग लाकूड, खरा संगमरवर. लिहायला जो कचरतो, त्याच्याकडे चहा प्या आणि उठा."

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. तो आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. अडचण पुराव्याची आहे. चिठ्ठीवर 'खुर्ची' लिहिलंय आणि खुर्ची तर मिळाली.

म्हणून गेल्या महिन्यात भाच्याला गिऱ्हाईक म्हणून त्या दुकानात पाठवलं. त्यालाही चहा मिळाला. त्याने सांगितलं की आजोबा माटुंग्याच्या इराण्याकडे जायचे. पोटमाळ्यावरून खुर्ची खाली आली, माटुंग्याची. त्याने पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. कड्यावर सिगारेटने भाजल्याचा तोच डाग. भाव 7,500 सांगितला होता.