फिरत्या तारांगणातला आर्क्टिकचा खेळ

आमच्या चाळीसगाव तालुक्यातल्या शाळेत हे फिरतं तारांगण बोलावलं होतं. विद्यार्थ्यामागे ५० रुपये. ग्रहताऱ्यांचा भाग नेहमीचाच. मी लिहितेय ते आर्क्टिकच्या बर्फावरच्या भागाबद्दल.

चित्र फार सुरेख. फुगवलेल्या घुमटात चहूकडे गोठलेला समुद्र, आणि सील श्वास घ्यायला वर येतो त्या भोकापाशी टपून बसलेलं पांढरं ध्रुवीय अस्वल. मोकळ्या पाण्यातला सील त्याच्या हाती सहसा लागत नाही, त्यामुळे बर्फ गेला की शिकार गेली, हे पाचवीच्या पोरांनाही लगेच उमगलं. कॅनडातल्या हडसन उपसागराचा बर्फ उन्हाळ्यात वितळतो आणि तो पुन्हा धरेपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबरपर्यंत, अस्वलं किनाऱ्यावर अंगातल्या चरबीवर दिवस काढतात. हा उपवास लांबत चाललाय. पश्चिम हडसन भागात १९८७ मध्ये सुमारे १२०० अस्वलं होती, २०२१ च्या मोजणीत ६१८ च. हे आकडे मी नंतर वर्गात सांगितले. ते खेळातच असायला हवे होते.

मोठी उणीव वेगळीच. अख्ख्या खेळात एकही माणूस दिसत नाही. दिवे लागताच सहावीतल्या मुलीनं विचारलं, “दादा, मंग तठला लोके काय करतस?” २०१७ मध्ये आमच्या तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली होती, पोरांनी ते घरी ऐकलंय; हा प्रश्न येणारच. खेळ दाखवणारा दादा तयारीचा निघाला. त्यानं सांगितलं, हडसन उपसागराकाठच्या चर्चिल गावात लोक गाड्यांना कुलूप लावत नाहीत, अस्वल समोर आलं तर कुणालाही आत शिरता यावं म्हणून. गावात घुसलेल्या अस्वलांसाठी तिथे कोंडवाडा आहे. अलास्कातल्या शिशमारेफला किनाऱ्यालगतचा बर्फ वादळी लाटा अडवायचा; तो उशिरा धरू लागला, जमीन ढासळू लागली, आणि २०१६ मध्ये गावकऱ्यांनी गाव हलवण्याच्या बाजूनं मत दिलं. धरणात गाव गेलेल्यांची पोरं आमच्या वर्गात आहेत. ती एकामागून एक विचारतच सुटली.

निवेदनातली एक चूक चालकांनी दुरुस्त करावीच. तरंगता बर्फ वितळून समुद्राची पातळी वाढते, असं त्यात म्हटलंय. ती वाढते ग्रीनलँडसारख्या जमिनीवरच्या बर्फामुळे आणि तापून फुगणाऱ्या पाण्यामुळे.

शाळांनी जरूर बोलवावं. वेळ सकाळची घ्या, मार्चनंतर नकोच. आपल्या उन्हात घुमटातला पंखा पुरत नाही. आणि प्रश्नांसाठी दादाकडून अर्धा तास जास्तीचा मागून घ्या.