गेटबाहेरचा उतार खचला: खर्च तुमचा की पालिकेचा?

गेटच्या आतलं काँक्रीट फुटलं तर वाद नसतो. वाद होतो तो गेट आणि रस्ता यांच्यामधल्या चार पावलांवरून. जमीन सार्वजनिक, पण त्यावरून गाडी जाते ती फक्त तुमची. पालिका म्हणते ‘तुमचा उतार’, तुम्ही म्हणता ‘तुमचा फुटपाथ’. दोघांचंही खरं असतं, कारण जमीन कुणाची आणि डागडुजी कुणी करायची हे प्रश्नच वेगळे आहेत.

इंग्लंड आणि न्यूझीलंडमधलं ऑकलंड शहर शेजारी-शेजारी ठेवून बघा. इंग्लंडमध्ये 1980 च्या हायवेज अ‍ॅक्टच्या कलम 184 खाली उतार बांधायचा खर्च मालक देतो. पण रीतसर परवानगीने बांधलेला उतार सार्वजनिक फुटपाथचाच भाग होतो आणि तो राखायचं काम सहसा कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, जातं. म्हणजे खिसा एकदाच हलका होतो. ऑकलंडमध्ये उलट: उतार घराच्या सोयीसाठी आहे, तेव्हा बांधायचाही मालकाने आणि पुढे सांभाळायचाही मालकानेच. कॅलिफोर्नियात तर राज्याच्या रस्ते संहितेच्या कलम 5610 नुसार घरालगतचा फुटपाथच मालकाने नीट ठेवायचा असतो. नोटीस आल्यावर दोन आठवड्यांत काम सुरू झालं नाही, तर शहर ते करून घेऊ शकतं आणि ते बिल मालमत्तेवर बोजा म्हणून चढतं. तेव्हा दुसऱ्या शहरातल्या मेव्हण्याचा सल्ला ऐकून घ्या, पण त्यावर ठेकेदार बोलावू नका.

नियम मालकाच्या विरुद्ध असला तरी उतार कशाने मोडला हे आधी बघा. इथेच खरा पैसा वाचतो. लादी वर उचलली गेली असेल आणि जवळच रस्त्याकडेचं झाड असेल, तर मुळांचा संशय घ्या. झाड पालिकेचं असेल तर बोलणी वेगळीच होतात (मुळं मात्र स्वतः तोडू नका, ते प्रकरण दुरुस्तीपेक्षा महाग पडतं). लादी एका सरळ रेषेत खचली असेल आणि तेवढ्याच पट्ट्याचा रंग वेगळा असेल, तर तिथे कुणीतरी नळ किंवा केबल टाकायला चर खणून नीट न दाबता बुजवलाय. इंग्लंडमध्ये अशा बुजवणीची हमी खणणाऱ्या कंपनीवर 2 वर्षं असते, खोल चराला 3. पहारीचं टोक लादीवर हलकेच आपटा. एका जागी टणक आणि दुसरीकडे पोकळ आवाज आला, तर खालची माती वाहून गेलीय. वरून सिमेंट भरून काही होणार नाही. आणि तुमच्याच बांधकामाच्या ट्रकने कड मोडली असेल, तर बिल तुमच्याकडेच येणार हे गृहीत धरा.

आता स्वतः करून घ्यायचं की तक्रार करून थांबायचं? स्वतः केलं तर काम लवकर आणि मनासारखं होतं. पण जागा रस्त्याची असल्याने बहुतेक ठिकाणी परवानगी लागते, कधी पालिकेच्या यादीतलाच ठेकेदार घ्यावा लागतो. परवानगीशिवाय उतार दोन इंच उंच केला आणि पावसाचं पाणी फुटपाथवर साचलं, तर तोच उतार पुन्हा फोडायची वेळ येते. तक्रारीच्या वाटेने पैसे वाचतात, पण वेळ लागतो आणि पुष्कळदा नुसता डांबराचा गोळा थापून मोकळे होतात. माझं मत विचाराल तर केसाएवढ्या भेगांसाठी दोन्हीची गरज नाही. चालणाऱ्याचा पाय अडखळेल अशी कड वर आली असेल, तर मात्र जबाबदारी ठरेपर्यंत थांबू नका.

कारण कुणी पडलं तर भरपाई कुणाकडे मागायची, हा आणखी तिसराच प्रश्न. न्यूयॉर्क शहराने 2003 पासून नादुरुस्त फुटपाथमुळे झालेल्या इजेची जबाबदारी लगतच्या मालकांवर टाकली, पण मालक स्वतः राहत असलेली एक ते तीन कुटुंबांची निव्वळ राहती घरं त्यातून वगळली. इंग्लंडमध्ये कौन्सिल ‘आम्ही वाजवी काळजी घेतली होती’ असा बचाव करू शकतं, आणि तिथे कौन्सिलला दोष कधी कळला होता हे तपासलं जातं. म्हणून फोनवर सांगून सोडू नका. लेखी तक्रार, तिचा क्रमांक आणि कडेला पट्टी टेकवून काढलेला फोटो, तिन्ही त्याच दिवशी.