पॉवर स्टेअरिंगचा पंप: सील किट की रिकंडिशन?

जुन्या बोलेरो पिकअपचं स्टेअरिंग उभ्या गाडीत जड लागतं आणि रेस दिली की हलकं होतं, तेव्हा संशय पंपावर जातो. पट्ट्याचा ताण आणि डब्यातलं ऑइल आधीच बघितलंय, असं धरतो. ऑइलला फेस येत असेल तर पंप खोलण्याआधी डब्याकडून पंपात जाणारा पाइप क्लिपांसकट बदलून बघा. तो हवा ओढतो, पण बाहेर थेंबही गळत नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही.

पंपच गळत असेल तर प्रश्न उरतो: आपल्याच पंपात नवी सीलं टाकायचं किट, की दुसरा जुना पण दुरुस्त करून विकलेला रिकंडिशन पंप.

किट स्वस्त, खर्च मजुरीचा. पुली पुलरनेच, म्हणजे ती ओढून काढायच्या हत्यारानेच, काढायची. हातोडी चालवली की मार आत शाफ्टला बसतो. सील बसतं त्या जागी शाफ्टवर नख फिरवा. चर लागला तर नवं सीलही लवकरच गळेल. पंपाची पाती जिच्यात फिरतात त्या आतल्या रिंगवर लाटा किंवा खोल ओरखडे असतील तर किटने गळती थांबेल, दाब काही परत येणार नाही.

रिकंडिशन पंप पटकन बसतो आणि गाडी भाड्याला लागते. रोजचं भाडं बुडत असेल तर हे कमी नाही. पण बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसणारे पंप आतल्या फ्लो व्हॉल्व्हने (स्टेअरिंगकडे किती ऑइल जायचं ते हा ठरवतो) वेगळे असू शकतात. दुसऱ्याच गाडीचा व्हॉल्व्ह आला की स्टेअरिंग गल्लीत जड राहतं, नाहीतर हायवेवर नको इतकं हलकं होतं. मग दोष पंपाचा आणि खोललं जातं स्टेअरिंग बॉक्स! याच कटकटीमुळे माझा कल आपल्याच पंपात किट टाकण्याकडे. आत काय आहे ते निदान डोळ्यांनी बघितलेलं असतं. शाफ्ट किंवा रिंग गेली असेल तर परवडल्यास नवा पंप घ्यावा. रिकंडिशनच घ्यायचा झाला तर जुना व्हॉल्व्ह दुकानात नेऊन ताडून बघा.

काहीही बसवा, जुनं ऑइल पूर्ण काढा, नाहीतर त्यातली लोखंडाची पूड नव्या कामाचाही घास घेईल. परतीचा पाइप डब्यापासून सोडून बाटलीत टाका, डब्यावर त्या पाइपचं मोकळं झालेलं तोंड बुचाने बंद करा. पुढची चाकं जॅकवर, इंजिन बंद. डबा भरत राहून स्वच्छ ऑइल येईपर्यंत स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. दोन लिटर हाताशी ठेवा. ग्रेड झाकणावर असेल तोच, ब्रेक ऑइल चुकूनही नको. पाइप जोडून आणखी पंधरा-वीस फेरे मारा, मगच स्टार्टर. इंजिन चालू असताना टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरू नका.