ब्रॉडहेड द्यायला नकार देणारं दुकान

हंटरडन काउंटीत, मक्याच्या शेतांच्या मधोमध, पत्र्याच्या शेडमध्ये हे धनुष्यबाणाचं दुकान आहे. न्यू जर्सीत धनुष्याने हरणाची शिकार शिकायची असेल तर मी इथेच पाठवीन. फक्त घाईत जाऊ नका, कारण इथे पैसे द्यायला निघालात तरी ते लवकर घेत नाहीत.

मी साडेचारशे डॉलरचा कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, इंटरनेटवर पसंत करूनच गेले होते. मालक सत्तरीचे, बोलणं तुटक. त्यांनी तो भिंतीवरून काढलाच नाही. आधी दोन्ही तळहात पुढे धरून मधल्या फटीतून घड्याळ बघायला लावलं, मग एकेक डोळा मिटायला. उजवा मिटला तरी घड्याळ जागेवर, डावा मिटला की गायब. म्हणजे मी लिहिते-जेवते उजव्या हाताने, पण नेम डाव्या डोळ्याचा. डावखुरा बो घ्या, म्हणाले. तो अर्थातच दुकानात नव्हता. मागवून येईपर्यंत त्यांनी मला नुसत्या भाड्याच्या धनुष्यावर रेंजमध्ये उभं केलं.

ओढ, म्हणजे दोरी मागे खेचायला लागणारा जोर, किती ठेवायची, यावर थोडी घासाघीस झाली. हरणासाठी इथल्या नियमाप्रमाणे किमान ३५ पौंड लागतात. मला वाटलं जितकी जास्त तितकी बरी. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाय उचलायला लावले आणि तसंच ओढा म्हणाले. धनुष्य आभाळाकडे न झुकवता, सरळ मागे. ५० पौंडांवर मी नुसतीच थरथरले. ४२ वर जमलं. थंडीत तासभर न हलता बसल्यावर याहूनही अवघड जातं, एवढंच बोलून त्यांनी पाना फिरवला.

मी मूळची साताऱ्याची. २०२३ मध्ये अदिती स्वामी आणि ओजस देवतळे बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. दोघंही साताऱ्यात सराव करून तयार झालेले. मी हे अभिमानाने सांगितल्यावर मालक म्हणाले, “वा. ते पन्नास मीटरवर मारतात. तुम्ही वीस यार्डांच्या पुढे मारायचं नाही. कागदाला कान नसतात.” मग हिशेब मांडला: बाण सेकंदाला २८० फुटांच्या आसपास जातो, दोरीचा आवाज ११०० फुटांच्या वेगाने. आवाज आधी पोचतो. चाळीस यार्डांवरच्या हरणाला उडी घ्यायला खाली दबायला पुरेसा वेळ मिळतो आणि फुप्फुसावर धरलेला बाण पाठीत लागतो.

या दुकानाची खरी किंमत मागच्या रेंजमध्ये कळते. तिथे फोमचं एक हरीण चाकांच्या पाटावर आहे. मालक ते फिरवतात आणि विचारतात, “सोडणार?” आडवं उभं असेल तर हो. किंचित पाठमोरं असेल तर पुढच्या, पलीकडच्या पायाचा अंदाज धरून हो. तोंड आपल्याकडे असेल तर नाही. आपल्याकडे तिरकं येत असेल तरी नाही, कारण खांद्याचं हाड आड येतं. मधे फांदी असेल तर नाही. मी बहुतेक वेळ “नाही” म्हणत होते. बाजूला लाकडी मचाण आहे, तिथून वाकायचं ते कमरेतून, नुसता हात खाली करायचा नाही, हेही तिथेच गिरवून घेतात.

ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचं धारदार पातं, ते मात्र विकत देईनात. वीस यार्डांवर कागदी थाळीत सगळे बाण सलग बसले पाहिजेत, ही अट. सरावाच्या टोकांनी बसले म्हणून भागत नाही, पात्यांचा बाण वेगळा उडतो, त्यामुळे पाती मिळाल्यावर पुन्हा तीच परीक्षा. कार्बनचा बाण दर वेळी कानाशी धरून वाकवायचा, बारीक तडतड ऐकू आली की तो मोडून टाकायचा. तडकलेला बाण सुटताना फुटून हातात घुसतो.

मचाणावर बांधायचा पट्टा, म्हणजे हार्नेस, घेतल्याशिवाय मचाण विकत नाहीत. जमीन सोडल्यापासून परत टेकेपर्यंत हार्नेस बांधलेला, धनुष्य आणि भाता दोरीने मागून वर ओढायचा, बाण चढवायचा तो वर बसल्यावर. कुठल्या झाडावर आहोत आणि किती वाजता परतू, हे घरी लिहून ठेवायचं. आमच्या वहिनींना ते वाचून भलतंच टेन्शन आलं, पण चिठ्ठी फ्रिजवर लागते.

बाण लागल्यानंतरचं बोलणं मला सगळ्यात उपयोगी वाटलं. बाण शोधा, रक्त बघा. फेसाळ गुलाबी म्हणजे फुप्फुस, निदान अर्धा तास जागचं हलू नका. काळपट लाल म्हणजे यकृत, कैक तास थांबा. हिरवट, वासाचं म्हणजे पोट, अशा वेळी आठ-दहा तास मागे जायचं नाही. लगेच मागे धावलं तर जखमी जनावर लांब पळतं आणि सापडत नाही.

परवाना मात्र इथे शिकवून मिळत नाही. पहिल्यांदा काढणाऱ्याला राज्याचा धनुर्शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण करावाच लागतो. आणि सुट्टीत गावी गेल्यावर रानडुकरावर हात आजमावण्याचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो इथेच सोडा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिकडे शिकारीला बंदी आहे, हत्यार धनुष्य असलं तरी.

उणिवा आहेत. डावखुऱ्यांसाठी माल जवळपास नाही. भाव इंटरनेटपेक्षा चढे, पण इथून घेतलेल्या धनुष्याची बसवणी आणि जुळणी फुकट. मालक मधेच निघून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारतात. शिकारीच्या हंगामाआधी शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना एकदम जाग येते, तेव्हा सप्टेंबरमध्ये गेलात तर रांगेत उभं राहाल. मे महिन्यात जा, रेंज मोकळी असते.

पाचपैकी साडेचार तारे. सोमवारी बंद. जाताना घट्ट बाह्यांचा शर्ट घाला, सैल बाहीला दोरी चाटून जाते. रानात गेलात तर कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारा आणि घरी आल्यावर गोचीड तपासा, लाइम रोग या भागात खरोखरच होतो.