कुंभकर्णाच्या बाजूचे की बिभीषणाच्या?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने रामानंद सागरांचं १९८७ चं 'रामायण' पुन्हा लावलं. युद्धकांड येईपर्यंत आमच्या घरात सरळ दोन तट पडले. आजी कुंभकर्णाकडून, बाबा बिभीषणाकडून. बाबा आणि मोठे काका वाटणीवरून तेव्हा बोलत नव्हते, त्यामुळे वाद निव्वळ लंकेचा नव्हता हे सगळ्यांनाच कळत होतं. तुमच्याकडेही हा वाद रंगत असेल, तर बाजू घेण्याआधी दोघांनी काय केलं ते शेजारी शेजारी ठेवून बघा.

मुळात दोघांचं मत एकच होतं, हे आपण विसरतो. सीतेला परत पाठव, असं बिभीषण भर दरबारात म्हणाला. झोपेतून उठवलेल्या कुंभकर्णानेही रावणाला आधी झापलंच: जगदंबेला पळवून आणलीस, वर कल्याणाची अपेक्षा करतोस? मग त्याने खाल्लं, प्यायला आणि लढायला निघाला. तुलसीदासांच्या हिशेबाने मद्याचे एक कोटी घडे आणले होते. म्हणजे फरक आहे तो 'चूक आहे' म्हणून झाल्यावर पुढे काय केलं, यात.

कुंभकर्णाची बाजू मराठी मनाला लगेच पटते. खाल्ल्या मिठाला जागला. हरणार, मरणार हे ठाऊक असूनही मोठ्या भावाला एकटं सोडलं नाही. मालिकेत नलिन दवेंनी साकारलेला तो अवाढव्य कुंभकर्ण रणांगणावर धाकट्याला भेटतो तो प्रसंग बघताना भलेभले विरघळतात. तो बिभीषणाला शिव्या घालत नाही. तू आपल्या कुळाचं भूषण झालास म्हणतो, आणि वर सांगतो, आता बाजूला हो, मला आपलं-परकं दिसेनासं झालंय. ज्याला सगळे फितूर म्हणतात त्याला थोरल्याकडून एवढी शाबासकी! माझेही डोळे पाणावले होते.

पण डोळे पुसल्यावर एक प्रश्न उरतो. या निष्ठेची किंमत कुणी मोजली? कुंभकर्णाने स्वतःचा जीव दिला हे खरं, पण त्याआधी त्याने चिरडलेल्या वानरांचा रावणाच्या मिठाशी काय संबंध? अन्याय दिसतोय म्हणायचं आणि अन्यायाचंच शस्त्र व्हायचं, हे मला नाही पटत. शिवाय तो मेला आणि सुटला. उरलेल्या संसाराला तोंड द्यायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. ती बिभीषणावर आली.

बिभीषणाचा खटला अवघड आहे, आणि 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' एवढं म्हणून तो निकालात निघत नाही. मालिकेत रावण त्याला लाथ मारून हाकलतो, तसंच तुलसीदासांकडेही आहे. वाल्मीकींकडे मात्र लाथ नाही. रावण वाट्टेल तसं बोलतो आणि बिभीषण चार साथीदार घेऊन स्वतःच निघून जातो. लाथेमुळे त्याचं जाणं आपल्याला जास्त माफ करावंसं वाटतं, म्हणून हा फरक लक्षात ठेवा. इथपर्यंत मी त्याच्या बाजूचा आहे.

पुढे मात्र पाय अडखळतो. युद्ध सुरू व्हायच्या आधीच, समुद्रकाठी, राम त्याला लंकेचा राजा म्हणून अभिषेक करतो. हेतू शुद्ध असेलही, पण हातात काही पडलं की हेतूवर डाग दिसतोच. मग रावणाचा मुलगा इंद्रजित याचा निकुंभिला इथला यज्ञ. इंद्रजिताचा ठावठिकाणा सांगणारा त्याचा सख्खा काका. वाल्मीकींच्या इंद्रजिताने काकाला तिथे जे सुनावलंय त्याला आजही उत्तर देणं कठीण आहे: परका कितीही गुणी असो, तो परकाच, त्यापेक्षा निर्गुणी असला तरी आपला माणूस बरा. बिभीषण वाद घालतो, पण थोड्याच वेळाने कबूल करतो की पुतण्यावर शस्त्र उचलायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी येऊन काही दिसत नाही. लक्ष्मणानेच त्याला मारावं. निव्वळ सिंहासनासाठी गेलेला माणूस असा रडत नाही. तरीही पत्ता त्यानेच दिला होता. मालिकेत पुढे रावणाच्या नाभीतल्या अमृताचं गुपितही तोच सांगतो.

लोकांचा कौलही गंमतीचा आहे. कुंभकर्णाची आपण फक्त झोप ठेवली. बिभीषणाला घरभेदी म्हणतो, पण सप्तचिरंजीवांच्या श्लोकात त्याचं नाव घेतो, आणि सोलापूर-बीडकडे बिभीषण नावाचे गृहस्थ चिक्कार भेटतात. कुंभकर्ण नावाचा मला अजून एकही भेटलेला नाही.

तेव्हा माझं मत असं. घर सोडण्यापर्यंत बिभीषण. इंद्रजितापासून पुढे कुणीच नाही. आणि रणांगणावरच्या त्या भेटीपुरता, त्या दोन मिनिटांपुरता, कुंभकर्ण.

आजीला असले हप्त्याहप्त्याचे निकाल चालत नाहीत. तो भाग संपला तेव्हा बाबांनी टीव्ही बंद केला. "थोरला निदान पोटभर जेवून तरी गेला," आजी म्हणाली. मग बराच वेळ वाती वळत बसली आणि बाबांकडे न बघताच पुढचं बोलली, "धाकटा भरल्या घरातून उपाशी उठला, ते नाही दाखवत कुणी."